मदत हवी आहे: होकायंत्राने चुकीच्या दरीत नेले, नवीन कोणते घ्यावे?

वाटसरू
आम्ही तिघे चार दिवसांच्या जंगल-पदभ्रमणाला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी वाट उरलेल्या बर्फाखाली नाहीशी झाली. धुके होते आणि झाडी इतकी दाट होती की समोरची खिंड दिसत नव्हती, म्हणून नकाशावरून दिशा काढून होकायंत्राच्या भरवशावर चालत राहिलो. दोन तासांनी कळले की आम्ही एक सोंड ओलांडून भलत्याच दरीत उतरत आहोत. परत येण्यात उरलेला दिवस गेला आणि खिंड राहूनच गेली. येत्या शुक्रवारी पुन्हा तिकडेच निघायचे आहे, त्यामुळे वेळ फार कमी आहे. खात्रीचे होकायंत्र कोणते, एवढेच कृपया सांगावे.

निवांत
होकायंत्र बदलण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. डोंगर कोणता? नकाशा कोणत्या वर्षी छापलेला आहे? मुख्य म्हणजे, तुम्ही ठरवलेल्या दिशेच्या डावीकडे भरकटलात की उजवीकडे, आणि साधारण किती अंशांनी? पहिल्या दोन दिवसांत होकायंत्र वापरले होते का, तेही सांगा.

ठिपका
माझ्या मते होकायंत्राचा काळ संपला आहे. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून घ्यावा आणि विमान-मोड चालू ठेवावा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उपग्रहांचा संदेश थेट मोबाइलपर्यंत येतो. गेली सहा वर्षे मी असाच हिंडतो आहे आणि एकदाही चुकलेलो नाही.

गोगलगाय
चार दिवस म्हणजे पाणी वाटेतल्या ओढ्यांचेच प्यायले असणार. ते नुसत्या क्लोरीनच्या गोळ्या टाकून प्यायला असाल, तर एक लक्षात घ्या की क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते एक मिनिट तसेच उकळू द्यावे, आणि २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटे. पोकळ तंतूंची गाळणी असेल तर ती रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपावे, कारण आतले पाणी एकदा गोठले की तंतू फाटतात आणि ते वरून दिसतही नाही.

वाटसरू
पाण्याचा प्रश्न मी विचारलेलाच नाही. निवांत, डोंगर म्हणजे वॉशिंग्टन राज्यातले कॅस्केड, पण डोंगराच्या नावाचा होकायंत्राशी काय संबंध, हे मला समजले नाही. पहिले दोन दिवस वाट स्वच्छ होती, त्यामुळे होकायंत्र खिशातून काढलेच नव्हते. मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी सॅकच्या वरच्या कप्प्यात बंद करून ठेवला होता. दोन तासांनी तो चालू केला, तेव्हा आम्ही कुठे आहोत ते दिसले. नकाशावर सरळ पश्चिमेची, म्हणजे २७० अंशांची रेघ आखली होती. प्रत्यक्षात आम्ही तिच्या उजवीकडे, उत्तरेच्या बाजूला सरकलो होतो.

धुकेकर
मोबाइल वरच्या कप्प्यात होता, हे वाचून कारण माझ्या लक्षात आले. अहो, हल्ली मोबाइलच्या आवरणाच्या झाकणात चुंबक असतो. होकायंत्र फार काळ त्याच्याजवळ राहिले, तर सुईचे ध्रुव उलटतात आणि लाल टोक दक्षिण दाखवू लागते. माझ्या एका सोबत्याच्या बाबतीत हे झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ठिपका, तुमचा मोबाइल थंडीत बंद पडेल तेव्हा सहा वर्षांचा अनुभव उपयोगी पडणार नाही. लिथियम बॅटरीची शक्ती थंडीत झपाट्याने कमी होते.

ठिपका
म्हणूनच मोबाइल अंगालगतच्या खिशात ठेवायचा असतो, सॅकच्या कप्प्यात नाही. वाटसरू यांनी तो बंद ठेवला नसता, तर दहाव्या मिनिटालाच चूक कळली असती. कागदावर ‘आपण इथे आहोत’ असा ठिपका उमटत नाही.

धुकेकर
तो ठिपका दाट सूचिपर्णी झाडीत आणि अरुंद घळीत कसा उड्या मारतो, तेही सांगा. संदेश कड्यांवर आणि ओल्या फांद्यांवर आपटून येतो, तेव्हा जागा काही दहा मीटरांनी चुकलेली दाखवली जाते. ओढ्याच्या कोणत्या काठावर आहोत, हे ठरवायला तेवढी चूक पुरते.

निवांत
हा वाद जुना आहे आणि दोघांचेही काही अंशी बरोबर आहे. पण सुई उलटी झाली असती, तर वाटसरू पश्चिमेऐवजी पूर्वेकडे, म्हणजे आल्या वाटेने परत गेले असते. तसे झालेले नाही. ते उजवीकडे सरकले आहेत, म्हणून कोन महत्त्वाचा आहे. आता डोंगराचे नाव का विचारले ते सांगतो. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, तर नकाशातली उत्तर भौगोलिक असते. या दोहोंमधल्या कोनाला दिक्पात म्हणतात आणि तो जागेनुसार बदलतो. महाराष्ट्रात तो जेमतेम अंशभर असल्यामुळे सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला त्याची सवयच नसते. वॉशिंग्टनच्या कॅस्केडमध्ये मात्र तो सुमारे १५ अंश पूर्व आहे. शिवाय तो काळानुसारही सरकतो. त्याच भागाच्या १९७०च्या दशकातल्या नकाशांच्या समासात २० अंशांहून अधिक आकडा छापलेला सापडतो, म्हणून नकाशाचे वर्ष विचारले होते.

आता हिशोब पाहा. तुम्ही दिक्पात मुळीच विचारात घेतला नसता, तर २७० ऐवजी २८५ अंशांवर, म्हणजे १५ अंश उजवीकडे गेला असता. कोन त्याच्या दुप्पट भरत असेल, तर मात्र दुरुस्ती झाली आहे, पण उलट्या बाजूने. तेव्हा नकाशावर सुरुवातीची जागा आणि मोबाइलने दाखवलेली जागा जोडा, आणि कोनमापकाने मोजून अंश कळवा. अंदाजाने सांगू नका.

चांदणी
माझ्या मते इथे मूळ मुद्दाच बाजूला राहतो आहे. असल्या निर्मनुष्य जंगलात ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवणारा आपत्कालीन बीकन प्रत्येक गटाकडे असायलाच हवा. तो उपग्रहांमार्फत थेट बचाव यंत्रणेला कळवतो आणि त्याला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही.

निवांत
चांदणीताई, बीकन जवळ असावा, याबद्दल दुमत नाही. पण तो जीव धोक्यात असताना वापरायचा असतो. खिंड कोणत्या दिशेला आहे, हे तो सांगत नाही.

वाटसरू
मोजले. २९ अंश भरले, आणि चाललेले अंतर साधारण दोन किलोमीटर. नकाशा नवीन आहे आणि त्याच्या समासात १५ अंश पूर्व असेच छापलेले आहे. पण मी कोणतीही दुरुस्ती केलेली नाही, ना योग्य बाजूने ना उलट्या, कारण दिक्पात हा शब्दच मी आज इथे पहिल्यांदा वाचला. मग दुप्पट कोन कुठून आला?

निवांत
दोन किलोमीटरला २९ अंश म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर बाजूला, त्यामुळे तुम्ही पलीकडच्या दरीत उतरलात यात नवल नाही. तुम्ही दुरुस्ती केली नसेल, तर ती दुसऱ्या कोणीतरी केली आहे. होकायंत्र तुम्ही नवे विकत घेतले होते का? आणि त्याच्या पाठीमागे एक बारीक स्क्रू आहे का?

वाटसरू
विकत कशाला घेईन, मित्राकडून आणले होते. ते सांगण्यासारखे वाटले नाही. स्क्रू आहे, आणि दोरीला एक चिमुकली किल्लीही बांधलेली आहे. ती कशाची, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

निवांत
तीच किल्ली. त्या स्क्रूने आतला बाण (सुई नव्हे, सुई ज्यावर जुळवतो तो) एकदा दिक्पाताइतका फिरवून ठेवला की पुन्हा बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. तबकडीच्या आत पूर्व आणि पश्चिम अशी बारीक मोजपट्टी असेल. बाण कुठे आहे ते पाहा, आणि मित्राने हे होकायंत्र शेवटचे कुठे वापरले तेही त्यांना विचारा.

वाटसरू
बाण १४ अंश पश्चिमेवर आहे. मित्राशी आताच बोललो. तो दोन वर्षांपूर्वी न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये गेला होता आणि त्याने तिथल्यासाठी बाण लावून घेतला होता. तिथला दिक्पात पश्चिमेचा असतो, असे तो म्हणाला. मला सांगायचे त्याच्या लक्षात राहिले नाही आणि विचारायचे मला सुचले नाही. १४ आणि १५ मिळून २९.

धुकेकर
हिशोब चोख जुळला. तरीही चुंबकाचे आवरण होकायंत्रापासून लांबच ठेवा.

ठिपका
मोबाइलला ही किल्ली लागत नाही, एवढीच नोंद करून ठेवतो.

निवांत
ठिपका, मोबाइलमधल्या होकायंत्रातही खरी उत्तर की चुंबकीय उत्तर, असा पर्याय असतो आणि तो पुष्कळांनी कधी उघडून पाहिलेला नसतो. वाटसरू, बाण १५ अंश पूर्वेवर आणा, पण लगेच त्यावर विसंबू नका. नकाशात सरळ दिसणारा एखादा रस्ता निवडा, त्याची दिशा नकाशावर मोजा आणि मग त्याच रस्त्यावर उभे राहून होकायंत्राने मोजा. उभ्या गाड्या आणि लोखंडी कठडे यांच्यापासून दूर उभे राहा. बर्फात पुन्हा दिशेवर चालावे लागले, तर लांबचे लक्ष्य न धरता त्या रेषेवर दिसणाऱ्या शेवटच्या झाडापर्यंत जा, तिथून पुढचे झाड धरा, आणि अर्ध्या तासाने मोबाइल चालू करून एकदा ताळा घ्या. त्यात ठिपका यांचाही मान राहील.

वाटसरू
बाण फिरवला आणि घराजवळच्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर तपासून पाहिले. नकाशावर २७० आणि होकायंत्रावर २७१ आले. म्हणजे नवीन घ्यायची गरज नाही. सुरुवातीलाच उसने आणले आहे असे सांगितले असते, तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. मित्राला परत देताना बाण कुठे ठेवला आहे, ते चिठ्ठीवर लिहून देईन.

गोगलगाय
छान झाले. पण पाणी कसे शुद्ध करता, ते अजूनही कळले नाही.

वाटसरू
गाळणीने. ती रात्रभर तंबूबाहेर टांगलेली असते.

गोगलगाय
मग शुक्रवारच्या आत नवीन घ्या.