मदत हवी आहे: फोटो आवडतात, पण अभिप्राय कोणी लिहीत नाही

चौकट_मिरज
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. मी लग्नाचे फोटो काढतो. काम लोकांना आवडतं, एका लग्नातून त्याच घरातली दुसरी ऑर्डर येते, म्हणजे नाराजी नाही. पण "गूगलवर दोन ओळी लिहा" म्हटलं की "हो हो, रात्री टाकतो" आणि मग काहीच नाही. पुन्हा आठवण केली की नुसता अंगठा येतो. त्यानंतर विचारायला कसंतरी वाटतं.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. आता चौकशी करणारे निम्मे लोक अनोळखी असतात, आधी रिव्ह्यू बघतात आणि मग फोन करतात. माझ्या पानावर मित्रांनी टाकलेले "छान काम" एवढेच आहेत. मेसेज नेमका कसा लिहायचा? तयार मजकूर असेल तर तोच द्या. जरा लवकर हवं आहे.

उंबरठा
मजकुराचं नंतर बघू. विचारता कधी? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, फोटो दिल्यावर, की अल्बम दिल्यावर? आणि कोणाला?

फ्लॅशगन
सोपं आहे. रिव्ह्यू टाका, १२ बाय १८ ची फ्रेम फुकट घ्या. आमच्याकडे हे व्यवस्थित चालतं.

कागदी_घोडा
फ्लॅशगन, हे करू नका आणि दुसऱ्यालाही सांगू नका. रिव्ह्यूच्या बदल्यात वस्तू, पैसे किंवा सूट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. असे रिव्ह्यू काढून टाकले जातात. फक्त खूश गिऱ्हाइकांना गाठून लिंक देणंही चालत नाही, द्यायची तर सगळ्यांना द्या. शिवाय भ्रामक जाहिरातींबद्दल केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जाहिरातीत कोणाची शिफारस वापरली तर ती त्या माणसाचं खरं मत असावी लागते.

फ्लॅशगन
सगळे करतात हो. फ्रेम तर आपण तशीही देतोच.

कागदी_घोडा
मग तशीच द्या की, अट न घालता.

चौकट_मिरज
तुमचं चालू द्या, पण माझं उत्तर राहिलं. @उंबरठा, नवरदेवाला विचारतो, व्यवहाराचं बोलणं त्याच्याशीच असतं. बाकी रकमेचा मेसेज जातो त्यातच खाली लिंक असते.

उंबरठा
गाडी इथेच अडते आहे. पैशाच्या मेसेजखाली आलेली लिंक कोणी उघडत नाही. तो मेसेज वाचून माणूस हिशेब बघतो, फोटो आठवत नाही. दोन्ही मेसेज वेगळे करा, मध्ये काही दिवस जाऊ द्या. आणि नवरदेवाचा नाद सोडा. फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघणारी माणसं वेगळी असतात: नवरीची आई, आत्या, करवली.

जुना_रोल
आमच्या वेळी ३६ फोटोंचा रोल असायचा, बटण दाबण्याआधी विचार करावा लागे. रिव्ह्यू वगैरे नव्हतं. अल्बम बघायला पाहुणे यायचे, मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असायचा, त्यावरून पुढचं काम मिळायचं. हल्ली चार हजार फोटो देतात आणि त्यातले चाळीसही कोणी बघत नाही.

हळदीचा_हात
मी नवरीच्या बाजूने सांगते. माझं लग्न गेल्या वर्षी झालं, फोटोग्राफर अतिशय चांगले होते, तरी मी कित्येक महिने काही लिहिलं नाही. सत्यनारायण, देवदर्शन, नवीन घर, बँकेतली कागदपत्रं, यातून सवड नव्हती हे खरंच. पण मोठं कारण म्हणजे काय लिहायचं तेच सुचत नव्हतं. "अप्रतिम सेवा" असं लिहायला मला लाज वाटत होती, आणि इंग्रजीत लिहायला हवं असं उगाच डोक्यात होतं. मग दिवाळसणाच्या सुमारास त्यांनी एवढंच विचारलं, "भिंतीवर कोणता फोटो लावलात?" त्यावर मी भरभरून लिहिलं. कानपिळीत माझा भाऊ हसता हसता रडायला लागला होता, तो फोटो लावलाय आम्ही.

चौकट_मिरज
हे पटलं. पण माझ्याकडे अल्बमच लांबतो. डेटा वेळेवर देतो, पण अल्बमसाठी फोटो निवडायला दोन्ही घरं महिनोन्महिने लावतात. मग विचारायचं कधी? नवरीच्या आया मनापासून बोलतात हे मात्र खरं, एकीने तर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला होता. पण तो काही रिव्ह्यू नव्हे.

उंबरठा
अल्बमसाठी थांबू नका, फोटोंची लिंक दिल्यावर चार-पाच दिवसांनी विचारा. त्या व्हॉइस मेसेजमध्ये काय होतं?

चौकट_मिरज
नवरीचे आजोबा व्हीलचेअरवर होते. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर लोक पुढे सरकले आणि ते मागे राहिले, त्यांना नुसत्या पाठी दिसत होत्या. माझ्याबरोबरच्या पोराने खुर्ची कडेने पुढे घेतली. आजोबांचा हात थरथरत होता, निम्म्या अक्षता त्यांच्याच धोतरावर पडल्या. तो फोटो मी घेतला. काकू म्हणाल्या, "बाबांनी नातीवर अक्षता टाकल्या हे मला माहीतच नव्हतं, मी समोर बघत होते. तुम्ही ते ठेवलंत." पुढे त्यांना बोलता येईना.

उंबरठा
अहो, हाच अभिप्राय आहे! अनोळखी माणसाला जे जाणून घ्यायचं असतं ते सगळं यात आलं: तुमची माणसं मांडवात कशी वागतात आणि तुमचं लक्ष कुठे असतं. काकूंना विचारा, हे शब्द वेबसाइटवर वापरू का, नाव द्यायचं की नुसतं "नवरीची आई". होकार मिळाला तर जसं बोलल्या तसंच उतरवा, भाषा सुधारू नका. गूगलवर मात्र त्यांनी स्वतःच्या अकाउंटवरूनच टाकायला हवं.

डिजिटल_दिंडी
एवढा खटाटोप कशाला? एआयकडून दहा नमुने लिहून घ्या आणि गिऱ्हाइकाला पाठवा. त्यांनी फक्त चिकटवायचं.

हळदीचा_हात
मुळीच नको. तसे रिव्ह्यू एकापाठोपाठ वाचले की लगेच कळतं. मी फोटोग्राफर शोधत असताना अशी दोन पानं बघूनच सोडून दिली होती.

टंकाळा
काकू-मावशींचा खरा त्रास टायपिंगचा असतो. फोनवरच्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा टाकून माइक दाबला की बोललेलं मराठीत उमटतं. समोर बसून एकदा दाखवा, पुढचं त्या स्वतः करतात. आणि गूगल बिझनेस प्रोफाइलवर रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड दोन्ही मिळतात. कोड छापून अल्बमच्या पेटीत ठेवा.

कागदी_घोडा
एक वेगळा मुद्दा. अभिप्रायासोबत फोटो लावणार असाल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ बघा. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो.

फ्लॅशगन
काहीतरीच! फोटो मी काढला, कॅमेरा माझा, मग मालक तो कसा?

कागदी_घोडा
कायदा तसाच आहे. म्हणून ऑर्डर घेतानाच लेखी करार करा, त्यात फोटो कुठे वापरणार ते लिहा.

जुना_रोल
आम्ही निगेटिव्ह स्वतःकडे ठेवायचो, त्यामुळे हा प्रश्न कधी आला नाही.

उंबरठा
जुना_रोल, त्यावर वेगळा धागा काढा. चौकट, मजकूर मागितला होता तो घ्या:

"काकू नमस्कार. फोटोंची लिंक मिळाली ना? निवांत बघा. मोठा करून घरात लावावा असा कोणता वाटला आणि का, एवढं सांगाल का? टाइप करायला नको, बोलून पाठवलं तरी चालेल."

यात लिंक टाकू नका. उत्तर आलं की दुसरा मेसेज: "तुम्ही आत्ता जे सांगितलंत तेच मराठीत गूगलवर लिहाल का? लग्न ठरलेल्या घरांना त्यावरून अंदाज येतो. काही कमी-जास्त वाटलं असेल तर तेही लिहा." आणि खाली लिंक. हे प्रत्येक घराला पाठवा, काम जमलं असं वाटो वा न वाटो.

चौकट_मिरज
काकूंना आज फोन केला. शब्द वापरा म्हणाल्या, नावही द्या म्हणाल्या. आजोबांचा फोटो मात्र नको, तो घरातच राहू दे. तेव्हा नुसता मजकूर लावतो. बाकीच्यांना वरचा मेसेज उद्यापासून पाठवतो, पैशाचा मेसेज वेगळा केला आहे. @कागदी_घोडा, कराराचा मराठी नमुना आहे का तुमच्याकडे?

कागदी_घोडा
आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

फ्लॅशगन
मलाही पाठवा.