पुरात "देव पाठीशी होता" म्हणणं चूक आहे का?

चिखलीची_सून
2019 च्या ऑगस्टात कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी 43. आम्ही प्रयाग चिखलीत स्लॅबवर दोन रात्री काढल्या. वर ताडपत्री, खाली भिजून दगड झालेल्या गोधड्या. सासूबाईंनी देव्हाऱ्यातला अंबाबाईचा टाक पदराच्या गाठीत बांधला होता. अंधारात पाण्याचा आवाज आला की त्या गाठ चाचपायच्या आणि म्हणायच्या, "हाय ती. घाबरू नगंस." तिसऱ्या दिवशी सकाळी जवानांची बोट आली.

काल माझा दीर म्हणाला, ही नुसती मनाची समजूत. मला तसं वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

पलूसचा_पाव्हणा
ताई, राग मानू नका. त्याच आठवड्यात आमच्या तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बायका-पोरं गेली. त्यांच्या घरात देव्हारे नव्हते का? तुमची बोट देवीनं पाठवली असेल, तर ती बोट कुणी उलटवली? या प्रश्नाला मला आजवर कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही. बोट ओढणारे हात मी बघितलेत. मी त्यांनाच मानतो.

वाडीकर
मी नृसिंहवाडीजवळचा. आमच्याकडं कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की देवळात शिरतं, दत्त महाराजांच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दारातनं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक त्या दारात आंघोळीला गर्दी करतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, पादुका मात्र पाण्याखालीच. लहानपणापासून हे बघतोय, म्हणून देवानं पूर थांबवावा अशी अपेक्षाच कधी केली नाही. आमच्या घरात पाणी, त्याच्याही घरात पाणी. मला एवढं पुरतं.

शाहूपुरी_३री_गल्ली
पुरतं कसं? 2021 च्या जुलैत पाणी एका रात्रीत वाढलं. गल्लीत रिक्षा फिरवून सांगत होते, बाहेर पडा. वडील हलेनात. "2019 ला देवीनं राखलं, आत्ताबी राखंल." शेवटी कमरेएवढ्या पाण्यातनं त्यांना खुर्चीवर बसवून चौघांनी बाहेर काढलं. त्यातल्या एकाचा पाय गटारीच्या उघड्या झाकणात गेला, हाड मोडलं. तो पोरगा सहा महिने कामावर गेला नाही. वडिलांच्या श्रद्धेची किंमत त्यानं भरली. हे मी विसरू शकत नाही.

चिखलीची_सून
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण हलायचं नाही असं देवीनं कुठं सांगितलं? त्याच 2021 ला नदी 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आली तशी सासूबाईंनी स्वतः म्हशीचं दावं सोडलं. मी चूल आवरत होते, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते, आदी सोनतळीला चल." टाक तेव्हाही गाठीत होता. ज्या बाईचा देवावर एवढा भरवसा, तीच सगळ्यात आधी घराबाहेर पडली.

शाहूपुरी_३री_गल्ली
सगळ्यांच्या घरात तशी सासू नसते, ताई.

वाडीकर
हे मात्र खरं. "असेल माझा हरी" म्हणत बसणारे आमच्याकडंही आहेत. त्यांना आधी बोटीत घालावं, वाद मागनं घालावा.

पलूसचा_पाव्हणा
मला एकच सांगायचंय. ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्यासमोर "आम्हाला देवानं वाचवलं" असं म्हणू नका. त्या वाक्यातनं त्यांना ऐकू येतं, की तुमच्या माणसाला वाचवलं नाही.

चिखलीची_सून
नाही म्हणणार. ब्रह्मनाळची बातमी आम्हाला छावणीत कळली. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, आपलं नशीब चांगलं, तर त्याला त्यांनी गप्प केलं. त्या दोन रात्रींबद्दल बोलताना "वाचवलं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकला नाही. "हुती ती," एवढंच म्हणतात.

पलूसचा_पाव्हणा
माझा प्रश्न तसाच आहे. पण सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.