'अर्ली मॉडर्न' काळाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडच्या शाळांत ११ ते १४ वर्षांच्या मुलांना इतिहास कसा शिकवतात, यावर मराठी शिक्षकांसाठी टिपण लिहितेय. तिथल्या अभ्यासक्रमात ब्रिटनचा १५०९ ते १७४५ हा एक सलग टप्पा आहे, म्हणजे आठवा हेन्री गादीवर आला तेव्हापासून जॅकोबाइटांच्या (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या) शेवटच्या मोठ्या उठावापर्यंत. या काळाला 'अर्ली मॉडर्न' म्हणतात. मराठीत 'पूर्व-आधुनिक' लिहू की 'अर्वाचीन'?

उत्तर : 'पूर्व-आधुनिक' नको. 'पूर्वार्ध'मधला पूर्व म्हणजे पहिला भाग हे खरं, पण 'स्वातंत्र्यपूर्व' वाचायची सवय झालेला माणूस 'आधुनिकतेच्या आधीचा' असाच अर्थ घेणार. 'अर्वाचीन' त्याहून गैरसोयीचा. अर्वाचीन मराठी साहित्य म्हटलं की आपण थेट १८१८ नंतरच्या काळात पोचतो. मी 'आरंभीचा आधुनिक काळ' लिहितो, आणि विशेषण हवं असेल तिथे 'आद्य-आधुनिक'.

दुसरं उत्तर : 'आद्य-आधुनिक'ला माझाही कौल. पण ताई, शब्द ठरला तरी एक अडचण उरतेच, आणि टिपणात ती आलीच पाहिजे. आपल्याकडे सातवीला शिवकाल 'मध्ययुगीन भारत' म्हणून शिकवतात. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन तिथे हजर होता. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागायला आला होता तो. दरबारात नजराणा देणारा आधुनिक काळातला आणि तो स्वीकारणारे महाराज मध्ययुगातले, हे मुलांना कसं पटवायचं? माझ्या मते १६वं-१७वं शतक शिकवताना दोन्हीकडे एकच नाव वापरावं. निदान फळ्यावर दोन्हीकडची सालं शेजारी-शेजारी मांडावीत. आरमार, तोफा, वखारी, तह-करार हे सगळं दोन्ही बाजूंना चाललेलं होतं.

प्रश्नकर्ती : पटलं. गंमत म्हणजे तिथे जगाच्या इतिहासासाठी जे पर्याय सुचवलेत त्यात 'मुघल भारत, १५२६ ते १८५७' आहे. बाबरापासून बहादूरशहापर्यंत सलग. त्याला काळाचं नाव न देता सालंच ठेवते. आणि 'रिफॉर्मेशन'ला, म्हणजे सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट ज्या चळवळीतून रोमच्या चर्चपासून वेगळे झाले तिला, 'धर्मसुधारणा' ठीक ना?

उत्तर : युरोपातल्या चळवळीला ठीक, आठवीच्या मुलांच्या ओळखीचा शब्द आहे. मात्र आठव्या हेन्रीबद्दल लिहिताना सरळ '१५३४ साली इंग्लंडच्या चर्चने रोमशी फारकत घेतली' असं लिहावं. आपल्याला 'सुधारणा' म्हटलं की आगरकर आठवतात, बालविवाह, संमतिवय आठवतं. हेन्रीचा मामला आधी घटस्फोटाचा आणि सत्तेचा होता. मठांच्या जमिनी राजाच्या हाती आल्या.

शिवाय कॅथलिकांच्या लेखी ती सुधारणा नव्हतीच. फादर थॉमस स्टीफन्स मूळचा इंग्रज. प्रॉटेस्टंट इंग्लंड सोडून रोमला गेला, जेझुइट (कॅथलिकांच्या एका धर्मसंघाचा सदस्य) झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेलं 'ख्रिस्तपुराण' त्याचंच, मराठी ओव्यांमध्ये. मराठी वर्गात ट्यूडर काळ, म्हणजे आठव्या हेन्रीच्या घराण्याचा काळ, शिकवायचा तर त्याच्यापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. ओवी मुलांना वाचून दाखवायची आणि मग विचारायचं, हा माणूस घर सोडून इतक्या लांब का आला असेल?