मदत हवी आहे: ड्रॉपमध्ये किक आणि बेस एकमेकांना खातात
हाउस (क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) सिंगल तयार होत आलंय. १२४ बीपीएम (मिनिटाला ठोके), एफ मायनर. इंट्रो, ब्रेकडाउन, व्होकल सगळं मनासारखं बसलंय. अडलंय फक्त ड्रॉपमध्ये, म्हणजे ब्रेकडाउननंतर ठोका आणि बेस पूर्ण जोरात येतात तिथे. हेडफोनवर तो दणकट वाटतो, पण क्लबच्या मोठ्या स्पीकरवर किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि सब-बेस (सगळ्यात खालचा बेस) मिसळून नुसती घरघर ऐकू येते.

बेसचा मूळ स्वर साधारण ४३.७ हर्ट्झवर आहे, तर किकची शेपटी (ठोक्यानंतर घुमत राहणारा आवाज) ५२ च्या आसपास रेंगाळते. गडबड तिथेच असावी.

बेसवर साइडचेन लावलंय (किक वाजली की बेस आपोआप दबतो), त्याचा रिलीज, म्हणजे बेस परत वर यायचा वेळ, १२० ते २५० मिलिसेकंदांपर्यंत बदलून पाहिला. १२० हर्ट्झखाली सगळं मोनो (डाव्या-उजव्या स्पीकरला सारखं) केलं, ३० खालचं कापलं, फेजही (ध्वनिलहरीची दिशा) उलटवून पाहिली. साइडचेन वाढवलं की घरघर जाते खरी, पण बेसचा अखंड प्रवाह तुटतो, आणि माझ्या मते गाण्याचा जीव त्यातच आहे. लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारं साधन) बंद ठेवूनही हेच होतं. मास्टरिंग (पूर्ण गाण्यावरचा शेवटचा हात) अजून व्हायचंय.

पट्टी बदलता येणार नाही. व्होकल पुन्हा रेकॉर्ड करणं शक्य नाही, आणि एका सेमीटोनपेक्षा (अर्ध्या स्वरापेक्षा) जास्त हलवला की आवाज कृत्रिम वाटतो. किक तयार सॅम्पल आहे, तिचे थर वेगळे मिळत नाहीत.

किक तीन सेमीटोन उतरवून एफवर आणावी, तर तिचा ठोका मऊ पडेल अशी भीती वाटते. की शेपटीच आखूड करून ५० हर्ट्झखालची जागा पूर्ण बेसला द्यावी? मोठ्या सिस्टिमवर ऐकून हे ठरवलेल्यांनी कृपया सांगा: या वेगाला किकची लांबी किती मिलिसेकंद ठेवता?