प्रत्येक मुलाचे मार्क वर्गाच्या तुलनेत दाखवायला कोणता चार्ट घेऊ?

नववी_ब
नमस्कार मंडळी. मी नववीची वर्गशिक्षिका, वर्गात 48 मुलं. पहिल्या सत्राचा निकाल एक्सेलमध्ये भरून झालाय, शनिवारी पालकसभा आहे. प्रत्येक पालकाच्या हातात एक पान द्यायचंय, आपलं मूल सहाही विषयांत वर्गाच्या मानाने कुठे आहे ते बघताक्षणी कळलं पाहिजे. नुसते मार्क दिले की गणितात 46 बघून पोराला झापतात आणि मराठीतले 64 बघून खूश होतात, पण यंदा गणिताचा पेपर इतका अवघड निघाला की निम्म्या वर्गाला 40 सुद्धा नाहीत आणि मराठीत निम्मा वर्ग 70 च्या वर आहे, म्हणजे ते पोरगं गणितात पुढे आहे आणि मराठीत मागे पडलंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. रडार चार्ट (कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल आलेख) करून पाहिला, दिसतो झकास पण मलाच वाचता येईना. काय वापरू?

आकडेमोड
रडार नकोच. विषयांचा क्रम बदलला की त्याच मार्कांचं क्षेत्रफळ बदलतं आणि डोळा नेमका तिकडेच जातो. तुम्हाला हवाय तो बॉक्स प्लॉटचा साधा अवतार. प्रत्येक विषयाला एक करडी पट्टी, त्यात वर्गातली मधली निम्मी मुलं, आत मध्यकाची (मार्क क्रमाने लावले की बरोबर मधे येतो तो आकडा) खूण, आणि त्या मुलाचा एक ठळक ठिपका. बस.
एक्सेल 2016 पासून बॉक्स चार्ट आयता मिळतो, पण त्यावर एका मुलाचा ठिपका वेगळा बसवता येत नाही. म्हणून साधा लाइन चार्ट घ्या आणि चार ओळी या क्रमाने ठेवा: पहिला क्वार्टाइल (पाव वर्ग ज्याच्या खाली आहे तो आकडा, म्हणजे पट्टीचं खालचं टोक), मध्यक, मुलाचे मार्क, तिसरा क्वार्टाइल (पाव वर्ग ज्याच्या वर आहे तो, म्हणजे वरचं टोक). रेषा सगळ्या काढून टाका, मधल्या दोघांचे फक्त मार्कर ठेवा आणि अप-डाउन बार्स चालू करा. त्या पट्ट्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीमध्येच निघतात, त्यामुळे क्रम चुकवू नका.

मास्तर_गणित
एवढं कशाला, मुलाचा एक बार, वर्गाच्या सरासरीचा एक आणि पहिल्या आलेल्याचा एक. पालकांना बार कळतात.

आकडेमोड
सर, पहिल्या आलेल्याचा बार मी तरी कुणाला दाखवणार नाही, 48 घरांत त्याच एका मुलाचं नाव निघेल आणि बाकीच्यांना रोज ऐकून घ्यावं लागेल. सरासरीचंही तसंच, चार-पाच जणांना 95 पडले की ती वर सरकते आणि मधला मुलगा उगाच सरासरीखाली दिसतो.

पोषण_कट्टा
पालकांना पट्टी कळणार नाही असं मला वाटत नाही. अंगणवाडीत बाळाचं वजन वाढीच्या आलेखावर टिंब देऊन दाखवतात, हिरवा, पिवळा, केशरी पट्टा, आणि शाळेची पायरी न चढलेल्या आयासुद्धा टिंब कुठल्या पट्ट्यात आहे ते बरोबर सांगतात. तो आलेख जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांवर आहे, त्यासाठी सहा देशांतली मुलं अभ्यासली होती, त्यात भारतही होता. तुमच्या कागदावर मात्र रंगांवर अवलंबून राहू नका, शाळेत झेरॉक्स काळी-पांढरीच निघणार. पट्टीखाली एक ओळ लिहा, ‘वर्गातली निम्मी मुलं या पट्टीत आहेत’.

नववी_ब
जमलं! रोल नंबरचा ड्रॉपडाउन आणि नंबरावरून मार्क शोधून आणणारं व्हीलुकअप फंक्शन लावलंय, नंबर बदलला की ठिपके हलतात. पण मुलागणिक उभा अक्ष बदलतोय, आणि विज्ञानाला दोघं गैरहजर होते, त्यांचा ठिपका शून्यावर बसतोय.

आकडेमोड
अक्ष 0 ते 100 असा हाताने पक्का करा, नाहीतर दोन पालकांनी पानं शेजारी धरली की तुलना खोटी ठरेल. गैरहजर मुलांच्या रकान्यात 0 भरू नका, त्याने अख्ख्या वर्गाचा क्वार्टाइल खाली येतो. ‘गै.ह.’ लिहिलंत तर क्वार्टाइल फंक्शन ते सोडून देतं, पण लाइन चार्ट तेच अक्षर शून्य धरतो, म्हणून चार्टच्या ओळीत इफची अट लावून तिथे एनए (‘आकडा उपलब्ध नाही’) फंक्शन द्या. ठिपका गायब होईल, पट्टी तशीच राहील.