मदत हवी आहे: फिजीचं तिकीट काढलंय, आता ट्रान्झिट व्हिसाचं काय?

धांदरट_पुणेकर: आईला घेऊन फिजीला चाललोय. भारतीयांना तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही म्हणून निवांत होतो. काल एजंट विचारतो, "ट्रान्झिट व्हिसा काढला ना?" आता विचारतोय! १८ दिवस राहिलेत. लागतो की नाही, एवढंच सांगा. प्लीज लवकर.

गवती_चहा: कुठून ट्रान्झिट? मुंबईहून फिजीला चार रस्ते आहेत.

भटक्या७२: फिजीत काय ठेवलंय? समुद्रच बघायचा तर मॉरिशसला जा. आम्ही गेलो होतो, आईवडिलांना फार आवडलं.

धांदरट_पुणेकर: @भटक्या७२ तिकिटं काढलीयेत हो. @गवती_चहा सिडनीवरून, अर्थात.

गवती_चहा: अर्थात काय त्यात! भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात विमान नुसतं बदलायचं असलं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्या व्हिसाच्या प्रकाराचा नंबर सबक्लास ७७१, फी नाही, अर्ज ऑनलाइन. ७२ तासांपर्यंत चालतो. आजच दोघांचे अर्ज टाका.

सह्यकडा: सिंगापूरवरून का नाही गेलात? एका तिकिटावर असाल तर तिथे विमानतळाबाहेर पडावंच लागत नाही, आणि तिथून थेट नांदीला, म्हणजे फिजीच्या विमानतळावर, विमान आहे.

गवती_चहा: तिकिटं काढून झालीत असं तो वरच म्हणालाय. वाचा तरी.

सह्यकडा: मी पुढच्यांसाठी लिहितोय. धागा काय एकट्याचा असतो का?

माहेरची_माया: सिडनीपर्यंतचं आणि पुढचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये आहे की वेगवेगळं? वेगळं असेल तर बॅगा सिडनीत घ्याव्या लागतील आणि पुन्हा चेक-इन. मध्ये किती तास आहेत?

धांदरट_पुणेकर: वेगवेगळी आहेत, स्वस्त पडली. मध्ये तीन तास.

माहेरची_माया: तीन तासांत इमिग्रेशन, बॅगा, पुन्हा चेक-इन, तेही वयस्कर आईला घेऊन? मी असते तर पुढचं विमान दुसऱ्या दिवशीचं करून घेतलं असतं. व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा.

तिखटमीठ: खायचं काय नेताय? घरचं लोणचं-तूप-लाडू असं काही असेल तर फिजीत उतरताना भरायच्या कार्डावर लिहा. दूध, मध, बिया, फळं यांच्या बाबतीत तिथले लोक फार कडक आहेत. लपवलंत तर दंड. आमच्या काकूंनी मेथ्यांची पुरचुंडी पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवली होती, कुत्र्याने बरोबर पर्सपाशीच येऊन बसकण मारली.

धांदरट_पुणेकर: खाण्याचं मी विचारलंच नव्हतं, पण आईने गोडा मसाला भरलाय...

तिखटमीठ: तो काढून ठेवायला सांगा. मसाला, डाळ, पीठ सगळं तिथे मिळतं. निम्मी दुकानं हिंदी बोलणाऱ्यांचीच.

गिरमिटवाला: त्यांची हिंदी वेगळीच आहे, भोजपुरी-अवधीच्या वळणाची. १८७९ साली 'लिओनिदास' जहाज भारतातून पहिले मजूर फिजीला घेऊन गेलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं उसाच्या मळ्यांवर नेली. त्यांच्या मजुरीच्या कराराचं, 'अ‍ॅग्रीमेंट'चं, झालं गिरमिट.

भटक्या७२: गिरमिट म्हणजे हुबळीचा चुरमुऱ्यांचा ना? कांदा-टोमॅटो परतून?

गिरमिटवाला: नाही. आणि सुताराचं भोक पाडायचं तेही नाही.

सह्यकडा: जाताय कधी? नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ असतो.

धांदरट_पुणेकर: ऑगस्टमध्ये. मेव्हणा सुव्यात, फिजीच्या राजधानीत, विद्यापीठात शिकवतो, त्याच्याकडे. दोन्ही अर्ज आत्ताच भरले. आईचा फोटो तीनदा परत आला, टिकली चमकत होती.

माहेरची_माया: थांबा. सुवा? तुमचं विमान नांदीला उतरतंय ना?

धांदरट_पुणेकर: हो. रात्री ९ ला. मेव्हणा म्हणाला विमानतळावरून टॅक्सी कर.

माहेरची_माया: नांदी आहे मुख्य बेटाच्या पश्चिमेला, सुवा आग्नेयेला. रस्त्याने चार तास लागतील. रात्री आईला घेऊन निघू नका. नांदीतच मुक्काम करा, सकाळी बसने किनाऱ्याकिनाऱ्याने जा. आणि कागदपत्रांत Nadi दिसेल, वाचायचं नांदी. बसस्टॉपवर 'नाडी' म्हणाल तर कुणालाच कळणार नाही.

धांदरट_पुणेकर: टॅक्सीचे किती घेतील म्हणून विचारत होतो. बरं, सिडनीचं दुसऱ्या दिवशीचं केलं तर मुक्काम कुठे करू? तिथे आमचं कोणी नाही.

भटक्या७२: मॉरिशसला असला घोळ नाही.