मदत हवी आहे: हिवाळी पहाटेचा धूर आणि वडिलांचा दमा

नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातील दहिवडी येथे राहतो. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील आमचा माण तालुका जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. तरीही पाहुणे ‘साताऱ्याची स्वच्छ हवा’ म्हणून आमचा हेवा करतात.

माझ्या वडिलांना दमा आहे. उन्हाळ्यातील धूळ निदान दिसते, त्यामुळे दारे-खिडक्या लावून घेता येतात. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीत येते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि चुलीचा किंवा पेटवलेल्या पाचटाचा धूर वर न जाता कडुलिंबाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर आडवा पसरून राहतो. साडेनऊपर्यंत तो हलत नाही, आणि वडिलांची फिरायला जाण्याची वेळ नेमकी सहाची.

पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी आपल्याकडील २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची १५ आहे, हे मी वाचले आहे. परंतु मोबाइलवर दिसणारा आमच्या गावाचा आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे की गणिताने काढलेला अंदाज, हे कसे ओळखावे? घरगुती मापक घेतल्यास दवाच्या पहाटे तो ओलाव्यामुळे आकडा फुगवून दाखवतो; त्याची दुरुस्ती कोणी करते का? फिरणे सायंकाळी चारला हलवल्याने कोणाच्या घरी फरक पडला असल्यास कृपया अनुभव कळवावा. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, त्यांविषयी विचारणा नाही.